पाच दिवसांची मुदत



गेल्या हिवाळ्यातील एका शुक्रवारी आडते बाजारातील दुकान वाढवून घरी आलो, तोच जर्मनीतील म्युनिकहून पुतणीचा फोन आला. जावईबापूंना फिनलंडमधील हेलसिंकी येथे नोकरी मिळाली होती आणि बिऱ्हाड हलवण्याचा तोच दिवस होता. पोरीचा आवाज रडवेला होता. "काका, विमान रद्द झाले. मोतीसाठी जागा आता थेट मंगळवारी आहे, आणि त्याच्या औषधाची मुदत सोमवारी सकाळी संपते."

मोती म्हणजे त्यांचा कुत्रा. वजन चौदा किलो, वय सहा वर्षे. विमानाची आणि औषधाची सांगड मला प्रथम उमगली नाही. मग तिने सारे सविस्तर सांगितले. आपल्या समाजातील कितीतरी मुले-मुली आज युरोपात स्थिरावली आहेत आणि त्यांच्या घरांत असे मुके सोबतीही आहेत. म्हणून ते येथे मांडतो.

युरोपीय संघातील एका देशातून दुसऱ्या देशात कुत्रा किंवा मांजर न्यायचे, तर तीन गोष्टी हव्यात. पहिली, कातडीखाली बसवलेली तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप. तिच्यात पंधरा आकडी क्रमांक असतो. दुसरी, रेबीजची लस. ती वयाच्या बारा आठवड्यांनंतरच देता येते आणि पहिल्या लसीनंतर एकवीस दिवस थांबावे लागते. तिसरी, पशुवैद्याने भरलेला प्राण्याचा पासपोर्ट. यात क्रमाला फार महत्त्व आहे. लस आधी आणि चिप नंतर असे झाले, तर ती लस हिशेबात धरली जात नाही, कारण ती नेमक्या याच प्राण्याला दिली याला पुरावा उरत नाही. मालावर मार्का नसताना फाडलेल्या पावतीला बाजारात जी किंमत, तीच तिला.

फिनलंड, आयर्लंड, माल्टा आणि नॉर्वे येथे कुत्र्यांसाठी आणखी एक अट आहे. देशात शिरण्यापूर्वी किमान चोवीस तास आणि जास्तीत जास्त एकशे वीस तास, एवढ्याच अवधीत पशुवैद्याकडून पट्टकृमीवरचे औषध दिले गेले पाहिजे आणि त्याची तारीख व वेळ पासपोर्टात नोंदली गेली पाहिजे. मोतीला बुधवारी सकाळी दहाला औषध दिले होते. म्हणजे गुरुवारी दहापासून सोमवारी दहापर्यंत त्याला प्रवेश होता. मंगळवारचे विमान त्या मुदतीत बसत नव्हते.

आपल्या व्यापारी वाचकांना हे समजायला वेळ लागणार नाही. ई-वे बिलाची मुदत दर दोनशे किलोमीटरला एक दिवस. गाडी वाटेत बंद पडली की आपली नजर आधी घड्याळाकडे जाते. फरक इतकाच की ई-वे बिलाची मुदत संगणकावर वाढवून मिळते. औषधाची मुदत वाढत नाही, औषधच पुन्हा द्यावे लागते.

"एका गोळीसाठी एवढा जाच कशाला?" असे मी त्राग्याने विचारले. तिचे उत्तर विचार करायला लावणारे होते. हा कृमी अगदी लहान असतो. कुत्र्याला तो फारसा जाणवतही नाही. मात्र त्याची अंडी विष्ठेवाटे बाहेर पडून माणसाच्या पोटात गेली, तर यकृतात कर्करोगासारखी वाढणारी गाठ होऊ शकते. मध्य युरोपात हा कृमी आढळतो, फिनलंड त्यापासून मुक्त आहे. औषधाला चोवीस तास पुरते मिळावेत आणि पाच दिवसांत नवी लागण होऊ नये, एवढाच त्या मुदतीचा अर्थ. ज्यांना आपण कधी पाहणार नाही, अशा माणसांना आपल्यामुळे पीडा होऊ नये, हाच त्या नियमाचा हेतू. मग माझा त्रागा ओसरला.

घरात मात्र दुसरीच चर्चा सुरू झाली. एका नातलगाने फोनवर सुचवले, "एवढा खटाटोप कशाला? तिथेच कुणाला तरी देऊन टाका." हे ऐकून आमच्या मातोश्री म्हणाल्या, "सहा वर्षे दाराशी बसला, त्याला असे टाकून कसे चालेल? पण मुक्या जिवाला खोक्यात कोंडून न्यायचे, हेही मला पटत नाही."

मातोश्रींची शंका रास्त होती. अहिंसा अणुव्रताचे जे पाच अतिचार आपण लहानपणापासून ऐकत आलो, त्यांत प्राण्याला बांधून कोंडणे आहे, अतिभार लादणे आहे आणि अन्नपाणी तोडणेही आहे. विमानाच्या पोटातून जाणाऱ्या पिंजऱ्याला ही कसोटी लावायलाच हवी.

त्या कसोटीला उतरावे असेच पुष्कळसे नियम आज आहेत. कुत्रा किंवा मांजर पिशवीसकट साधारण आठ किलोच्या आत असेल, तर अनेक विमान कंपन्या त्याला प्रवाशाच्या पायाशी बसू देतात. त्याहून मोठा प्राणी हवेचा दाब आणि तापमान राखलेल्या मालकक्षातून जातो. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या नियमांनुसार पिंजऱ्यात त्याला नीट उभे राहता, वळता आणि पाय पसरून निजता आले पाहिजे. हवा खेळती हवी आणि दार न उघडता बाहेरून पाणी भरता येईल असे भांडे हवे. झोपेचे औषध देणे बहुतेक कंपन्यांना मान्य नाही, कारण उंचीवर त्याचा श्वासावर विपरीत परिणाम होऊ शकतो. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जातींना श्वासाचा त्रास लवकर होतो, म्हणून कित्येक कंपन्या त्यांना मालकक्षात घेतच नाहीत. पुतणीने तर दीड महिना आधीच पिंजरा घरात आणून मोतीचे अंथरूण त्यात घातले होते. त्यामुळे तो आपण होऊन त्यात झोपू लागला होता.

पूर्वी स्थिती याहून कठोर होती. ब्रिटनमध्ये परदेशातून आलेल्या कुत्र्याला सहा महिने विलगीकरणात ठेवीत. चिप, लस आणि कागदपत्रांच्या आधारे ही सक्ती शिथिल होऊ लागली ती २००० सालापासून. पुढे ब्रिटन संघातून बाहेर पडले आणि १ जानेवारी २०२१ पासून तेथे दिलेले पासपोर्ट युरोपीय संघात चालेनासे झाले. आता तिकडून येताना नवे आरोग्य प्रमाणपत्र लागते. नियम बदलत राहतात, म्हणून जुन्या माहितीवर विसंबू नये.

नियमांना माणुसकीही असते. २०२२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये युक्रेनमधून आपले विद्यार्थी परतत होते, तेव्हा काहींनी सामान सोडले, पण कुत्री-मांजरे सोडली नाहीत. शेजारच्या देशांनी कागदपत्रांची अट सैल केली आणि भारत सरकारनेही अशा प्राण्यांसाठी एक वेळची सवलत दिली.

आपल्या मुलांना एक सूचना अवश्य पोहोचवावी. युरोपातील कुत्रा सुट्टीत नगरला आणायचा विचार असेल, तर निघण्यापूर्वी तिकडेच रेबीज प्रतिपिंडांची रक्तचाचणी करून तिची नोंद पासपोर्टात घ्यावी. लसीनंतर किमान तीस दिवसांनी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत ती होते. ही नोंद नसेल, तर भारतातून परतताना चाचणी करून तीन महिने थांबावे लागते. भारतात आणण्यासाठीही मुंबईसारख्या ठिकाणच्या पशु-विलगीकरण केंद्राची परवानगी आधी मिळवावी लागते.

मोतीचे पुढे काय झाले? जावईबापूंना सोमवारी कामावर हजर व्हायचे होते, म्हणून ते रविवारी एकटे गेले. पुतणी मागे थांबली. शनिवारी सकाळी पशुवैद्याने पुन्हा औषध देऊन वेळ नोंदवली. नवी मुदत रविवारपासून गुरुवारपर्यंत झाली आणि मंगळवारी दोघेही हेलसिंकीत उतरले.

रात्री फोन आला, तेव्हा मातोश्रींनी घर कसे आहे, थंडी किती आहे, काहीच विचारले नाही. त्यांनी एवढेच विचारले, "त्याने पाणी प्यायले का गं?"

"हो, आजी. उतरल्याबरोबर वाटीभर प्यायला," ती म्हणाली. तेव्हा कुठे मातोश्री उठून आत गेल्या.