बँकॉकला गेला म्हणून काय झालं?

आपल्या माणसानं परदेशी जावं ते फक्त शिकायला, नाहीतर राबायला. फिरायला जायचं नाही. हा कायदा कुठल्या मनूनं लिहिलेला नाही, दोस्तहो. तो आपणच आपल्या नाक्यावर बसून केलाय.

मालवणीतलं आमचं एक पोरगं कॉलेजच्या चार मित्रांबरोबर बँकॉकला जाऊन आलं. पाच दिवस, चार रात्री. दोन वर्षं रात्री बाइकवरून पार्सलं पोचवून पैसे साठवले, कुणाकडं हात पसरला नाही, बापाच्या खिशाला हात लावला नाही. परत आलं आणि नाक्यावर पंचायत बसली. एक म्हातारा म्हणाला, "काय रे, बाबासाहेब बोटीनं गेले ते पुस्तकं आणायला. तू विमानानं जाऊन काय आणलंस? टी-शर्ट?" दुसरा म्हणाला, तेवढ्या पैशात विहाराचे पत्रे बदलून झाले असते. तिसरा नुसताच हसला. त्या हसण्यात बँकॉकविषयी जे काय असतं ते सगळं होतं. पोरगं मान खाली घालून "हो काका, हो काका" करत राहिलं.

मला चीड आली ती या मान खाली घालण्याची.

पार्ल्यातला, अंधेरीतला एखादा बड्या बापाचा पोरगा बालीला जातो, दुबईला जातो. त्याला कुणी विचारतं का की बाबा, टिळकांनी काय केलं आणि तू काय करतोस? त्याच्या सहलीत त्याच्या जातीच्या इतिहासाला बोलावलं जात नाही. तो जातो, खातो, पितो, फोटो काढतो, येतो. आपलं पोरगं गेलं की त्याच्या पाठीवर अख्खा समाज बसवून पाठवायचा, आणि परतल्यावर तो सुखरूप आणलास का म्हणून झडती घ्यायची. विहाराचे पत्रे बदलायला पाहिजेत, कबूल. मग जयंतीच्या डीजेचा हिशेबही त्याच म्हाताऱ्यानं मांडावा की.

आता बाबासाहेबांचंच काढलंय तर नीट काढू. 1913 साली ते न्यूयॉर्कला गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं, आणि शिकून आल्यावर दहा वर्षं बडोद्याची चाकरी, असा लेखी करार. 1917 साली मुदत संपली म्हणून लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. सामान वेगळ्या बोटीनं येत होतं, ती बोट महायुद्धात बुडाली, जमवलेली पुस्तकं समुद्रात गेली. 1920 साली पुन्हा लंडन गाठलं ते स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राचं कर्ज यांवर. ज्या माणसाचा एकेक दिवस दुसऱ्याच्या पैशावर मोजून मिळालेला होता, त्यानं भटकायचं कधी? त्याला वेळच ठेवला नव्हता. ही व्यवस्थेनं त्याच्यावर लादलेली टंचाई होती. ती टंचाई आपण आदर्श म्हणून भिंतीवर टांगली, आणि आता पोरांना सांगतो की बघा, असं राहायचं.

आणि बाबासाहेब फिरायला गेले नव्हते, हेही खोटं. 1934 साली ते चळवळीतल्या तीसएक सहकाऱ्यांना घेऊन सहलीला निघाले होते. वेरूळची लेणी बघायची होती. कसली परिषद नाही, सत्याग्रह नाही, साधी सहल. मुंबईच्या हद्दीतून निजामाच्या हद्दीत जायचं, म्हणजे त्या काळच्या हिशेबानं परमुलूखच. वाटेत दौलताबादचा किल्ला बघायचं ठरलं. रमजानचा महिना होता. प्रवासाच्या धुळीनं माखलेली माणसं, किल्ल्याच्या दरवाज्याबाहेर पाण्याचं टाकं दिसलं, तिथं काहींनी हातपाय-तोंड धुतलं. आत शिरतायत तोच एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा ओरडत धावत आला, की धेडांनी टाकं बाटवलं. गर्दी जमली. शिव्या सुरू झाल्या, अंगावर येण्याची भाषा झाली. तिथले स्थानिक अस्पृश्य उगाच त्यात ओढले गेले. बाबासाहेबांनी विचारलं की आम्ही मुसलमान झालो असतो तर अडवलं असतं का. तेव्हा कुठं आवाज खाली आला. किल्ला बघायला मिळाला, पण एका अटीवर: आत कुठंही पाण्याला शिवायचं नाही. आणि ती पाळली जातेय की नाही हे बघायला बरोबर हत्यारबंद शिपाई दिला.

विचार करा. किल्ल्याची तटबंदी बघायची, खंदक बघायचा, अंधारी बघायची, आणि मागं बंदूक चालतेय ती तुमची तहान राखायला. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली. लिखाणाला नाव काय दिलं, तर 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. आपल्याच देशात व्हिसाची वाट बघणारा माणूस. त्याच लिखाणात 1901 सालचाही प्रवास आहे. पोरं नवे कपडे, नव्या टोप्या घालून आगगाडीनं बापाला भेटायला निघालेली. मसूर स्टेशनात उतरून जात सांगितल्यावर गाडीवान मिळेना, दुप्पट भाडं देऊन गाडी स्वतः हाकावी लागली, डबा असून रात्र उपाशी काढली, कारण पाणी द्यायला कुणी तयार नव्हतं. नव्या टोप्यांची हौस तिथंच संपली. सहलीवर आपला हक्क केव्हापासून नाकारला गेलाय याचा हा लेखी पुरावा आहे, आणि तो ज्यांच्या नावानं आपण पोरांना झापतो त्यांच्याच हातचा आहे.

आता जरा मढकडं चला. मालाड स्टेशनवरून 271 नंबरची बस पकडा, मालवणी मागं टाकून शेवटच्या थांब्यापर्यंत जा. नाहीतर वर्सोव्याहून फेरीबोट आहे, काही मिनिटांत पलीकडं. टोकाला पोर्तुगीजांनी बांधलेला किल्ला, 1739 साली मराठ्यांनी घेतलेला. तो हवाई दलाच्या ताब्यात, त्यामुळं बाहेरून बघायचा. बांबूंवर बोंबील वाळत घातलेले, कोळणींची लगबग. आणि मध्येमध्ये बंगले. या बंगल्यांत कधी लंडन असतं, कधी स्वित्झर्लंड असतं. सिरियलवाले येतात, सिनेमावाले येतात, पडदे बदलतात आणि परदेश तयार. तात्पुरत्या सेटची परवानगी काढून उभारलेले मोठमोठे स्टुडिओ 2023 च्या एप्रिलमध्ये महापालिकेनं पाडले, तरी बंगल्यांतलं शूटिंग काही थांबलेलं नाही. या पोराची आई अशाच एका बंगल्यात सतरा वर्षं झाडलोट करते. सतरा वर्षं ती बाई परदेश पुसतेय. तिच्या पोरानं खरा परदेश एकदा डोळ्यांनी बघितला, तर नाक्याच्या बापाचं काय गेलं?

पासपोर्ट ही काय मेहेरबानी नव्हे. 1967 साली सतवंतसिंग साहनींच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की परदेशी जाण्याचा हक्क घटनेच्या 21 व्या कलमात येतो, आणि 1978 साली मनेका गांधी खटल्यात तो आणखी पक्का केला. पण हक्क पक्का झाला तरी पासपोर्ट सगळ्यांचा सारखा झाला नाही. 1983 च्या एमिग्रेशन कायद्याखाली दहावी पास नसलेल्या मजुराच्या पासपोर्टवर शिक्का आला: याची तपासणी जरूर. ठरावीक अठरा देशांत नोकरीला जायचं तर सरकारी मंजुरी घ्या. थायलंडही त्या यादीत. फिरायला जाणाऱ्याला ती मंजुरी लागत नाही, पण शिक्का तर पासपोर्टवर राहतोच. कायदा मजुराला दलालापासून वाचवायला आहे म्हणतात. असेल. पण 2018 च्या जानेवारीत परराष्ट्र खात्याच्या डोक्यात आलं की या लोकांचा पासपोर्टच नारिंगी करावा. बाकीच्यांचा निळा, यांचा नारिंगी. विमानतळावर लांबूनच कळावं की हा अडाणी. गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू यांची आठवण ज्याला झाली नाही तो आपला नव्हे. ओरड झाली, आणि महिना संपायच्या आत तो बेत गुंडाळावा लागला.

पोरानं मला जे सांगितलं ते नाक्यावर कुणी विचारलंच नव्हतं. वाट फो या विहारात सेहेचाळीस मीटर लांबीची पहुडलेली बुद्धमूर्ती आहे. चपला काढून आत जायचं. दारात तिकीट, परदेशी माणसाला पैसे, थाई माणसाला फुकट. म्हणाला, "दादा, आयुष्यात पहिल्यांदा मला नुसता इंडियन म्हणून लुटलं." आणि खो खो हसला. आत गेल्यावर बरोबरच्या मित्रांना काही कळेना, तर यानं त्यांना पंचशील सांगितलं, परित्राण सांगितलं. चौघं ऐकत उभे. पण त्याच रात्री जेवताना त्यातलाच एक म्हणाला, "तुला बरं आहे यार, तुझी फी माफ, म्हणून ट्रिप परवडते." सुमारे तीन हजार किलोमीटर विमानानं जाऊन जात जेवणाच्या टेबलावर हजर. रात्रीच्या पार्सलांचा हिशेब यानं त्याला दिला की नाही, हे मी विचारलं नाही. या मित्रांबरोबर पुन्हा जाणार का, हे विचारलं. "जाणार," म्हणाला, "पण पुढच्या वेळी रूम मी निवडणार."

बँकॉकमध्ये गरिबांच्या पोरींचा बाजार आहे, आणि आपल्याकडनं विमानं भरभरून त्या बाजाराला जातात, हे मी लपवत नाही. कामाठीपुऱ्यावर बोलणाऱ्या चळवळीनं त्यावरही बोललंच पाहिजे. पोरांना तिकीट काढायच्या आधी सांगितलं पाहिजे. पण म्हणून प्रत्येक पोराकडं गिऱ्हाईक म्हणून बघायचं, ही नजर सवर्णांची. ती आपल्या डोळ्यांत कशाला?

रागावायचंच असेल तर इथं रागवा. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी केंद्र सरकारची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती आहे. सगळ्या देशासाठी एकशे पंचवीस जागा, त्यातल्या अनुसूचित जातींना एकशे पंधरा. 2022 साली तिच्या नियमांत घातलं की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास हे विषय घेऊन परदेशी जाता येणार नाही. म्हणजे जा, इंजिनीअर हो, पूल बांध. गावकुसाविषयी मात्र कोलंबियात जाऊन बोलू नकोस. बाबासाहेबांनी 1916 साली कोलंबियातच जातींवरचा निबंध वाचला होता. या नियमाखाली तो विषयच बसला नसता. नाक्यावरचा एकही म्हातारा यावर बोलला नाही. टी-शर्टवर बोलला.

आमच्या शाखेनं ठरवलंय की दर रविवारी सकाळी दहा ते एक पासपोर्टचे फॉर्म भरून द्यायचे. फुकट. आपल्या वस्तीत अडचण एकच येते: शाळेच्या दाखल्यावर एक आडनाव, आधारवर दुसरं, रेशनकार्डावर तिसरंच. कुणी गावाचं लावलं, कुणी बापाचं नाव, कुणी आडनावच टाकून दिलं. ती दुरुस्ती आधी, फॉर्म नंतर. येताना तिन्ही कागद आणा. त्या पोराची आईही येणार आहे. तिनं रात्रशाळेत सतरा नंबरचा फॉर्म भरलाय, मार्चमध्ये दहावीला बसतेय.