पोशाखाच्या आतला उन्हाळा

लग्नात, दुकानाच्या उद्घाटनाला अस्वलाचा पोशाख घालून मुलांना रिझवणारी पोरे आपण पाहतो. आत घाम येतो, पण वाळत नाही. त्यामुळे शरीर थंड होत नाही.

जुन्या बंडीला छाती-पाठीवर खिसे शिवून त्यांत फडक्यात गुंडाळलेल्या बर्फाच्या पिशव्या ठेवाव्यात. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता शोषतो. हलक्या हालचालीतही शरीर तासाला याच्या दुपटीइतकी उष्णता निर्माण करते. म्हणजे बंडी ही विश्रांतीला पर्याय नव्हे. दर वीस मिनिटांनी पोशाख उतरवून पाणी प्यावे. माणूस असंबद्ध बोलू लागला तर उष्माघात समजावा. अंग ओले करून वारा घालावा, ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

बर्फाची आणि विश्रांतीची सोय नाचवणाऱ्या यजमानानेच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.