मधुमेहींची नोंद कोण ठेवणार?

१९८३ आणि २००२ नंतरचे देशाचे तिसरे राष्ट्रीय आरोग्य धोरण २०१७ साली जाहीर झाले. निदान झालेल्या मधुमेही व उच्च रक्तदाबाच्या रुग्णांपैकी ८० टक्के रुग्णांचा आजार २०२५ पर्यंत आटोक्यात असावा, असे उद्दिष्ट त्यात होते. ती मुदत आता सरली आहे. किती लोकांची तपासणी झाली, याचे आकडे मोहिमेगणिक जाहीर होतात. तपासलेला रुग्ण वर्षभर उपचाराखाली राहिला काय, याचा हिशेब मात्र तितक्या ठळकपणे लोकांपुढे येत नाही.

प्रश्नाची व्याप्ती लहान नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लक्ष मधुमेही आहेत. त्याच पाहणीच्या आधारे २०२२ मध्ये निघालेला निष्कर्ष अधिक बोलका आहे. निदान झालेल्यांपैकी अवघ्या ३६.३ टक्के रुग्णांची साखर आटोक्यात होती. साखर, रक्तदाब व रक्तातील चरबी ही तिन्ही आटोक्यात असलेले रुग्ण केवळ ७.७ टक्के होते. निदान झाले म्हणजे काम झाले, ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही. मधुमेह हा सुखवस्तूंचा रोग आहे, ही समजूतही तशीच भ्रामक. अंगाने किरकोळ दिसणाऱ्या भारतीयाच्या शरीरातही चरबीचे प्रमाण अधिक असू शकते, हे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने दाखवून दिले आहे.

सोलापूरसारख्या कामगारवस्तीच्या शहरात हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. येथील शासकीय रुग्णालय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले, म्हणून वैद्यकीय शिक्षण विभागाचे. शहरातील दवाखाने महापालिकेचे. ग्रामीण भागातील प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेची. विमाधारक कामगारांची व्यवस्था राज्य कामगार विमा योजनेकडे. आणि विडी कामगारांच्या कल्याणाचा विषय केंद्रीय श्रम मंत्रालयाकडे. रुग्ण एक आणि यंत्रणा पाच! सार्वजनिक आरोग्य विभागाने १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या संस्थांतील उपचार निःशुल्क केले, तेव्हा वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये त्या निर्णयाबाहेर राहिली, हे या विभागणीचेच फळ होय. त्यातच शहरातील वस्तीतून कुंभारीच्या रे नगरात राहावयास गेलेल्या कुटुंबाचा पत्ता बदलतो, दवाखानाही बदलतो. जुन्या दवाखान्यातील नोंद मात्र त्याच्यामागोमाग जात नाही.

याला अर्थकारणाची बाजू आहे. विडी वळणाऱ्या स्त्रीची मजुरी हजारी विड्यांवर ठरते. दवाखान्याच्या रांगेत गेलेला दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. त्यातून औषध संपलेले निघाले, अथवा जुना कागद नाही म्हणून सर्व चाचण्या पुन्हा सांगितल्या गेल्या, तर पुढच्या महिन्यात ती फिरकत नाही. काही वर्षांनी दृष्टी, मूत्रपिंड वा पाय यांवर आघात होतो, तेव्हा कुटुंब कर्जात बुडते आणि सरकारचाही खर्च कितीतरी पटींनी वाढतो. नियमित गोळ्यांवर जे भागले असते, त्यासाठी मग शस्त्रक्रिया व डायलिसिस करावे लागते.

मार्ग अज्ञात आहे असे नाही. २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा व भंडारा हे जिल्हे होते. ठरावीक उपचारपद्धती, औषधांचा अखंड पुरवठा, प्रत्येक रुग्णाची नोंद आणि नोंदवलेल्यांपैकी कितींचा रक्तदाब आटोक्यात आला याची नियमित मोजणी, ही त्याची सूत्रे. तीच मधुमेहाला लागू करता येतील. क्षयरोगाची नोंद २०१२ पासून खासगी डॉक्टरांवरही बंधनकारक आहे. मधुमेह संसर्गजन्य नसल्याने तशी सक्ती समर्थनीय ठरणार नाही. परंतु बाह्यरुग्णांपैकी मोठा भाग खासगी दवाखान्यांत जात असता, त्यांना वगळून काढलेला आकडा अपुराच राहणार.

२०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनने प्रत्येकास आरोग्य खाते क्रमांक देऊ केला आहे. त्याचा उपयोग आहेच. तथापि क्रमांक म्हणजे उपचार नव्हे. आशा सेविकेने वहीत लिहावे आणि तेच पुन्हा भ्रमणध्वनीवर भरावे, अशी दुहेरी हमाली वाढली तर रुग्णासाठी वेळ उरणार नाही. गुप्ततेचा प्रश्नही गौण नाही. मालकाला आजार कळला तर काम जाईल, सोयरिकीत कळला तर मुलीचे लग्न अडेल, ही भीती खरी आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा कागदावर राहिला, तर रुग्ण नोंदीपासून दूर राहतील आणि आकडे फसवे होतील.

तेव्हा धोरणकर्त्यांनी प्रथम यशाची व्याख्या बदलावी. जिल्ह्यातील पाचही यंत्रणांना मिळून एकच नोंदवही असावी, तिची जबाबदारी एका अधिकाऱ्याकडे असावी, आणि किती तपासले याऐवजी किती रुग्ण औषध न चुकवता टिकले व कितींची साखर आटोक्यात आली, हे दर तिमाहीस प्रसिद्ध व्हावे. रुग्णाच्या हाती त्याच्या नोंदीचे कार्ड असावे आणि कामगारवस्तीत सायंकाळी दवाखाना उघडा राहावा. या गोष्टींना फार मोठा निधी लागत नाही. विभागांनी आपापल्या हद्दी थोड्या सैल कराव्या लागतात. नव्या उद्दिष्टाचे साल ठरविण्यापूर्वी एवढे झाले नाही, तर तेही साल २०२५ प्रमाणेच सरून जाईल.