लाईन गेली की सोलरही जातं

चंद्रपूर महाऔष्णिक केंद्राची क्षमता 2,920 मेगावॅट. वीज राज्यभर जाते, राख जिल्ह्यात राहते. 2009 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी केली, तिच्यात चंद्रपूर चौथं होतं. इथले आमदार किशोर जोरगेवार यांनी 200 युनिट मोफत देण्याची मागणी लावून धरली आणि ती लोकांना पटली, ती उगाच नव्हे. कोळशाच्या विजेचा खरा खर्च महावितरणच्या बिलावर छापून येत नाही, तो दवाखान्याच्या चिठ्ठीवर असतो. त्यामुळे छपरावरच्या सोलरला सरकारने पैसे देणं म्हणजे उधळपट्टी, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पैसे द्यावेतच. मला विचारायचंय ते एवढंच, की याच जिल्ह्यातल्या पोंभुर्ण्यासारख्या तालुक्यात हे पैसे पोचतात कोणाकडे?

2024 मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे 30,000 रुपये आणि तिसऱ्याला 18,000, म्हणजे जास्तीत जास्त 78,000 रुपये मिळतात. तीन किलोवॅटच्या प्लेटा बसायला मोठा स्लॅब हवा, आणि तेवढी वीज खपायला घरात एसी, फ्रिज, मोटर हवी. शिवाय आधी पैसे भरा किंवा कर्ज काढा, अनुदान मग खात्यात. दोन दिवे, एक पंखा आणि टीव्ही असलेल्या कवेलूच्या किंवा टिनाच्या घराला मिळणार फार तर 30,000. ज्याचं छप्पर मोठं, त्याला सरकारचा हातभारही मोठा. हे उलटं आहे.

राज्य सरकारला ते कळलं, हेही मान्य करू. 2025 च्या ‘स्मार्ट’ योजनेत महिन्याला 100 युनिटपर्यंत वीज वापरणाऱ्यांना राज्याची भर मिळते. एक किलोवॅटचा खर्च 50,000 धरला, तर केंद्राचे 30,000 आणि राज्याचे 17,500 वजा जाऊन दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला 2,500 रुपये भरायचे. आदिवासी आणि अनुसूचित जातीच्या घराला 5,000, बाकीच्यांना 10,000. एका किलोवॅटमधून दिवसाला साधारण चार युनिट मिळतात, म्हणजे अशा घराची गरज भागून वर उरतं. नव्या घरकुलांच्या वाढीव 50,000 मध्येही 15,000 सोलरसाठी राखलेत. गरिबाला परवडेल असा हिशेब पहिल्यांदाच कोणीतरी मांडला.

पण हिशेब कागदावर जुळला तरी गावात एक गोष्ट जुळत नाही. ही यंत्रणा महावितरणच्या तारेला जोडलेली असते. लाईन गेली की इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो. तसं नसतं तर खांबावर चढलेल्या लायनमनला छपरावरून आलेल्या करंटचा झटका बसला असता, म्हणून ही सोय बरोबरच आहे. परिणाम मात्र असा, की वैशाखात वादळाने जंगलातलं झाड तारेवर पडतं, दुसऱ्या दिवशी डोक्यावर लख्ख ऊन असतं, प्लेटा तापलेल्या असतात आणि खाली पंखा बंद! रात्री तर विचारूच नका. नागपुरात लाईन तासाभराने येते. इथे तुटलेली तार शोधायलाच रान तुडवावं लागतं, आणि अंधारात अंगणात उतरायचं म्हणजे सापविंचू आले, बिबट्या आला. पोंभुर्ण्याच्या माणसाला बिल कमी व्हायला हवंच, पण त्याहून जास्त हवा आहे तो लाईन नसताना एक दिवा आणि एक पंखा. त्यासाठी बॅटरी लागते, आणि सूर्यघरचं अनुदान बॅटरीला नाही.

माझं मत सरळ आहे. तिसऱ्या किलोवॅटचे 18,000 बंद करा. ज्याला तो परवडतो, तो अनुदानाशिवायही बसवेल. तेच पैसे चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात एक किलोवॅटच्या घरांना छोट्या बॅटरीसाठी द्या.

तोवर ज्यांच्या दारात एजंट येईल, त्यांनी सहीआधी दोन गोष्टी विचाराव्यात: लाईन गेल्यावर काय चालेल, आणि पाच वर्षांच्या देखभालीचा करार लेखी मिळणार का. ती देखभाल बसवणाऱ्यावर बंधनकारक आहे. वानराने उडी मारून प्लेट फोडली तर भरपाई कोणाची, हेही त्याच कागदावर लिहून घ्या.