गाणं ऐकायला साहेबाच्या देशात

इंग्लंडला जाऊन काय पाहिलंस, असं कुणी विचारलं की बिग बेन, लंडन ब्रिज, राणीचा वाडा ही उत्तरं अपेक्षित असतात. मी सांगतो, एका शेतात उभं राहून गाणी ऐकली. "गाणी आयकूक इंग्लंडाक? हंयच्या जत्रेत काय कमी आसतत?" हा प्रश्न पेडण्यात इतक्या वेळा ऐकला की उत्तर एकदा सविस्तर लिहून टाकावं म्हटलं.

माझा मावसभाऊ पोर्तुगीज पासपोर्टावर स्विंडनला गेला. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना ही वाट २०२० अखेरपर्यंत मोकळी होती, आणि त्या वाटेने गेलेल्यांची स्विंडनमध्ये मोठी वस्तीच झाली आहे. २०२३ च्या जुलैत माझी अर्जित रजा आणि परदेशी जाण्याची खात्याची परवानगी एकदमच मंजूर झाली. तिकडे शाळांना उन्हाळ्याची सुट्टी, इकडे अधिक श्रावण. भाऊ म्हणाला, "लंडन नंतर बघ, आधी वोमॅडला चल."

वोमॅड हा जगभरच्या संगीताचा महोत्सव. पीटर गेब्रिएल या इंग्रज गायकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ही संस्था १९८० मध्ये काढली. पहिला महोत्सव १९८२ साली शेप्टन मॅलेटला झाला आणि आर्थिकदृष्ट्या सपशेल बुडाला. मग गेब्रिएल आपल्या जुन्या 'जेनेसिस' या बँडबरोबर एका कार्यक्रमापुरता पुन्हा उभा राहिला आणि त्यातून देणी भागवली. १९८५ साली याच महोत्सवात मर्सी बेटावर नुसरत फतेह अली खान गायले आणि त्यांच्या कव्वालीला पाश्चात्त्य जगाचं दार उघडलं. २००७ ते २०२४ हा महोत्सव माम्सबरीजवळच्या चार्ल्टन पार्कमध्ये भरत होता. स्विंडनपासून पंचवीसेक किलोमीटर. ही जमीन सफोकच्या अर्ल घराण्याची, म्हणजे आपल्या भाषेत भाटकाराची.

आता मी काय पाहिलं ते सांगतो. पहिली गोष्ट म्हणजे मुलं. हातगाड्यांत बसवून आणलेली, कानांवर मोठाले संरक्षक लावलेली, गवतात झोपलेली. त्यांच्यासाठी कार्यशाळा आणि शेवटच्या दिवशी त्यांची वेगळी मिरवणूक. दुसरी गोष्ट म्हणजे म्हातारी माणसं, घडीच्या खुर्च्या घेऊन आलेली. तिसरी गोष्ट मला सर्वात आवडली. एका मंचावर कलाकार आपल्या गावचा पदार्थ रांधत रांधत गप्पा मारतात, गातात. कुठल्या आफ्रिकन गायकाची भाषा मला कळत नव्हती, पण फोडणीचा वास कळत होता.

हे सगळं स्वस्त नव्हे. आमच्यासारख्या कारकुनाने तिकिटाचा आकडा रुपयांत करून पाहू नये. सगळं संगीत थोर होतं असंही नाही. पण जत्रेतल्यासारखं वाटलं, हे खरं.

मग मनात आलं ते धारगळ. सनबर्न हा इलेक्ट्रॉनिक संगीताचा महोत्सव २००७ साली कांदोळीच्या किनाऱ्यावर सुरू झाला, मधे पुण्याला गेला, परत वागातोरला आला आणि डिसेंबर २०२४ मध्ये आमच्या पेडणे तालुक्यात धारगळला भरला. गावात विरोध झाला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, महोत्सव झाला. पुढच्या वर्षी तो मुंबईला गेला. या वादात दोन बाजू ठरलेल्या होत्या. एक म्हणते आपल्या संस्कृतीवर घाला, दुसरी म्हणते पर्यटन वाढेल. मला दोन्ही अपुऱ्या वाटतात. वोमॅडमध्येही परकं, कर्कश, विजेवरचं संगीत होतंच. भांडण सुरांचं नाहीच मुळी.

आपल्याकडे मांड नावाची गोष्ट आहे. शिगम्याचा मेळ असो की लोककलेचा खेळ, आधी मांडावर नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात, मग वाजंत्री. याला कुणी अंधश्रद्धा म्हणेल. माझ्या मते हा परवाना आहे, आणि तो सचिवालयातून नव्हे, गावाकडून घ्यायचा असतो. ज्या महोत्सवात त्या गावची पोरं, म्हातारी आणि रांधप यांना जागा असते त्याने मांडाची परवानगी घेतली असं मी समजतो. ज्यात गावाच्या वाट्याला फक्त पार्किंग आणि कचरा येतो त्याने घेतली नाही, मग कागदावर कितीही शिक्के असोत.

पण बोट एकाच दिशेला दाखवून चालणार नाही. घुमटाला २०१९ साली राज्याच्या वारसा वाद्याचा मान मिळाला. घोरपडीच्या कातड्यावर कायद्याने बंदी, म्हणून आता बकऱ्याचं कातडं लावतात. नाद थोडा बदलला, वाद्य जगलं. तरी पेडणे-डिचोलीत किती घरांतल्या मुलांना चवथीचे दिवस सोडून घुमट हातात मिळतं? दशावताराला आपण रात्री बसतो खरे, पण पायपेटी वाजवणाऱ्याचं नाव किती जणांना ठाऊक असतं? रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद हा २००० सालचा नियम; वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस, तोही मध्यरात्रीपर्यंतच, सूट देता येते. ती सूट कुणाला मिळावी, याची चर्चा ग्रामसभेत कधी होते का?

मला वाटतं, पेडण्यात दिवसाउजेडी भरणारा, घरच्यांना घेऊन जाता येईल असा एक संगीताचा मेळा व्हायला हरकत नाही. घुमट-शमेळ-कांसाळे एका मंचावर, दशावताराची पदं दुसऱ्या, आणि हरमलला हिवाळाभर राहणारे परदेशी वादक तिसऱ्या. बाजूला एखादी मावशी खतखतं करत बसलेली. भाटकार मिळाला तर उत्तम, नाही तर देवळाचं आवार आहेच.

वोमॅडही २०२५ साली भरलं नाही. पुढे २०२६ साठी नेस्टन पार्क ही नवी जागा जाहीर झाली. चाळीस वर्षांच्या महोत्सवालाही थांबून श्वास घ्यावा लागतो, नवं शेत शोधावं लागतं. आपल्याला तर शेत शोधायचीही गरज नाही. मांड आहे. त्यावर नारळ कोण ठेवणार, एवढंच ठरायचं आहे.