शनिवार तेल्यांची साक्ष

अलिबाग, पेण, रोहे, रेवदंडा ह्या भागातील जुन्या माणसांना ‘शनिवार तेली’ हे नाव ठाऊक असेल. ही मंडळी घाण्यावर तेल गाळीत. मात्र शनिवारी घाणा बंद. तो त्यांच्या धर्माचा विसाव्याचा दिवस. हे लोक बेने इस्राएल, म्हणजे यहुदी. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटले, सात पुरुष व सात बायका वाचल्या, त्यांचे आपण वंशज, असे ते परंपरेने सांगतात.

त्यांची बोली मराठी. आडनावे गावांवरून पडलेली: पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहिमकर. शनिवार सोडा, मग तेल घेऊ, असे शेजाऱ्यांनी म्हटले नाही. त्यांनीही आपला धर्म कोणावर लादला नाही. परंतु गावाने त्यांना जातीच्या उतरंडीत बसविले, हेही खरे. पुढे तो रोग त्यांच्यातही शिरला. ज्यांच्या घरात परधर्मी आई आली त्यांची संतती ‘काळे इस्राएल’ ठरली, आणि ‘गोऱ्यां’नी त्यांच्याशी सोयरीक बंद केली!

१९४८ साली इस्राएल राष्ट्र झाले. ह्यांतील पुष्कळ कुटुंबे मोठ्या आशेने तिकडे गेली. तेथे १९६२ साली मुख्य धर्मपीठाने फर्मान काढले की, बेने इस्राएलाचे लग्न इतर यहुद्याशी लावण्यापूर्वी त्याच्या आईचे, आजीचे कूळ तपासावे. काल ज्यांनी आपल्याच भावंडांना काळे ठरविले, त्यांनाच आता शुद्धतेचा दाखला मागितला गेला! त्यांनी हार मानली नाही. जेरुसलेमात धरणे धरले. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये तेथील लोकसभेने ठरविले की, हे लोक सर्व बाबतींत यहुदीच आहेत. धर्मपीठाला फर्मान बदलावे लागले.

बंधूंनो, कोल्हापुरात १८९९ च्या सुमारास शाहू छत्रपतींना वेदोक्त नाकारणाऱ्यांचा प्रश्न दुसरा कोणता होता? तुमचे कूळ कोणते, हाच! धर्म कोणताही असो, कुळाची चौकशी करणारा आपल्या हातची सत्ता राखीत असतो. घाण्यावर भांडे घेऊन येणाऱ्या कुणब्याला मात्र तेल शुद्ध आहे की नाही, एवढेच पाहायचे असे.

आज कोकणात ही घरे थोडीच उरली आहेत. त्यांची प्रार्थनामंदिरे व दफनभूमी आपल्या गावच्याच आहेत असे समजून जपा. आणि उद्या कोणी परका कारागीर वस्तीला आला, तर त्याचे काम पाहा, त्याचा सण त्याला पाळू द्या. आजीचे कूळ विचारू नका.