चोरी, जबरी चोरी, दरोडा : फिर्यादीतला शब्द तोलून घ्या

बाजारातून परतणाऱ्या व्यापाऱ्याला वाटेत लुटले, की गावात एकच बोलबाला होतो : 'दरोडा पडला.' पोलीस ठाण्यात मात्र कधी त्याचीच 'चोरी' होते, कधी नुसते 'पैसे गहाळ'. आपला माणूस न वाचता सही करून येतो. आमचे स्पष्ट मत आहे की, ही सही महागात पडते.

कायद्यातील फरक साधा आहे. आळेफाट्याच्या एस.टी. स्थानकावर नकळत खिसा कापला, ती चोरी. त्यासाठी मारहाण केली किंवा जागच्या जागी भोसकण्याचा धाक घातला, ती जबरी चोरी. उचललेला माल नेता यावा म्हणून पाठलाग करणाऱ्याला मारले, तरीही जबरी चोरीच. हेच पाच किंवा अधिक जणांनी मिळून केले, तर दरोडा. १८६० च्या दंड संहितेतील ही विभागणी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कायम आहे (कलमे ३०३, ३०९, ३१०). फिकहमध्येही 'सरिका' आणि 'हिराबा' हे वेगळेच गुन्हे आहेत.

जबरी चोरीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. तीच सूर्यास्त ते सूर्योदयाच्या दरम्यान हमरस्त्यावर घडली, तर चौदा वर्षांपर्यंत. मंचर, नारायणगाव, आळेफाटा ही आपली बाजारपेठ पुणे-नाशिक महामार्गावरच आहे. म्हणून फिर्यादीत वेळ आणि जागा नेमकी लिहवून घ्या.

विम्यातही शब्दच आडवा येतो. घरफोडीच्या पॉलिसीत 'बळजबरीने प्रवेश' अशी अट असेल, तर साध्या चोरीची भरपाई मिळत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये एका व्यापाऱ्याच्याच गोदामाच्या प्रकरणात दिला. पॉलिसी घेतानाच ही व्याख्या वाचावी.

शब्दाचे वजन या मातीला नवे नाही. आंबेगावातील जांभोरीच्या होनाजी केंगले याने १८७३ च्या सुमारास सावकारांविरुद्ध बंड पुकारले. लोकांना तो बंडकरी, सरकारदप्तरी मात्र दरोडेखोर!

तेव्हा बांधवांनो, फिर्याद ताबडतोब द्या, वाचून सही करा, प्रत मोफत मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे. हद्दीचे कारण सांगून कोणतेही ठाणे नकार देऊ शकत नाही. तरीही नोंद न झाल्यास पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा. मात्र राग म्हणून चार जणांचे पाच करू नका. खोटी फिर्याद कायद्याने गुन्हा आहे आणि अल्लाहजवळ गुनाह.